टाळी जरा उशिरा

प्रिय रशीद,

काल अमरावतीला जाऊन आलो. आपल्या ब्लूजचा, त्या इंग्रजी दुःखाच्या गाण्यांचा, कार्यक्रम होता, समोर बसून ऐकायचा! पण तुला सांगितल्याशिवाय तो संपल्यासारखा वाटेना, म्हणून लिहायला बसलो.

ती कॅसेट आठवते? दुरुस्तीला आलेल्या कोटाच्या खिशात राहिलेली. कोटवाला परत आलाच नाही. शेवटी तू ती लावलीस, तेव्हा मी झेंडू विकून बाळापूरच्या तुझ्या शिलाईच्या दुकानात चहाला टेकलो होतो. कुणी म्हातारा गिटार घेऊन कण्हत होता. आपल्या दोघांचंही इंग्रजी गावच्या शाळेतलं! पण तो एक ओळ म्हणायचा आणि गिटार उत्तर द्यायची. आमच्या एकादशीच्या भजनात बुवांची ओळ मागचे उचलतात, अगदी तसं.

"देवाले हाक मारून राहिला," मी म्हणालो.

"हट्! बायको माहेरी गेली त्याची," तू म्हणालास.

किती वर्षं चाललं रे हे भांडण!

पुढे फोनवर नवेनवे अल्बम येऊ लागले आणि तू नियमच केलास: नवा अल्बम एकट्यानं ऐकायचा नाही. बाजाराच्या दिवशी, शिलाई मशीन थांबवून, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधे न बोलता. भाभी मात्र दुकानामागच्या घरातून, पडद्याआडून बोलायचीच, "फिर लगाया वो रोनेवाला!"

माझी टाळी नेहमी चुकायची. भजनात वळलेला हात, पहिल्याच ठोक्यावर पडायचा. तू माझं मनगट धरून ठेवायचास. "काय घाई झाली बे तुले? आधी पाऊल पडू दे, मंग वाजव." आणि दुसऱ्या ठोक्याला सोडायचास.

मला घाईवाला म्हणायचास आणि स्वतः काय केलंस? छातीत दुखतंय म्हणून निरोप आला, मी शेतातून निघेपर्यंत तू गेलासही. काहून इतकी घाई, रशीद?

तू गेल्यावर आपल्या त्या म्हाताऱ्याचा नवा अल्बम आला. फोनवर त्याचं चित्र दिसतं. बोट तिथवर जातं नि मागे येतं. नियम तुझा, मी एकट्यानं कसा मोडू? दुकानाच्या गल्लीतूनही मी जात नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना तुझं नाव तेवढं घेतो. तुझ्या अल्लाला चालत असेल ना?

काल मात्र गेलो. समोर बसून एकदा तरी ऐकायचं, ही तुझीच हौस. पोरं विशीतली, पण काय वाजवत होती! गाण्याआधी गायक हिंदीतून अर्थ सांगत होता. आपलं ते कॅसेटवालं गाणंही त्यानं घेतलं. अरे, त्यात देव नाही नि बायकोही नाही! पुरात घर वाहून गेलेल्या माणसाचं गाणं निघालं ते. मी मोठ्यानं हसलो आणि तुला सांगायला बाजूला वळलो. खुर्चीवर कुणाची तरी पिशवी होती.

मग सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. सगळ्यांची दुसऱ्या ठोक्यावर, माझी एकट्याची पहिल्यावर. मनगट कुणी धरलं नाही. मी हात मांडीवर ठेवले आणि शेवटपर्यंत तसाच बसलो.

आज बाजारात भाभी भेटली. तुझं मशीन आता तीच चालवते.

"क्या भाऊ, दुकान का रस्ता भूल गए?"

"रशीदच नाही, भाभी. येऊन काय करू?"

"मैं तो हूँ ना! इतने साल परदे के पीछे से किसने सुना? तुमको लगा मैं सिर्फ चाय बनाती थी?" मग माझ्या टोपलीतली फुलं उगाच वरखाली करत तिनं विचारलं, "उस रोनेवाले का नया कुछ आया क्या?"

मी मान डोलावली.

"तो लेके आओ. घर में बहुत चुप है, भाऊ."

मला हे आधी काहून नाही सुचलं, रशीद?

पुढच्या बाजाराला मी येतो. भाभी पडद्याआड तिच्या जागी, मी बाकावर माझ्या जागी. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू. म्हणजे नियम मोडत नाही बरं का, दोघं आहोत. आधी पाऊल पडू देईन, मग टाळी वाजवीन. आणि चुकलोच, तर आतून ओरडायला भाभी आहे.

तुझा घाईवाला,
गजानन