पसरलेली नानकटाई

प्रिय आई,

भांडायला म्हणून लिहितेय. समोर असतीस तर पदराला हात पुसत "आता काय झालं गं तुला?" म्हणाली असतीस. झालंय असं, की माझ्या नानकटाईची भाकरी झाली.

तू गेलीस म्हणून यंदा दादाकडे दिवाळीचा फराळ करायचा नाही. तो लेकीच्या घरून जायचा, म्हणजे जुळे सोलापुरातून, माझ्याकडून. दादाने एक तोंडात टाकून "आईच्या हातची" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तुझे हात थकल्यापासून वहिनीची नानकटाई खाऊन तो हेच म्हणायचा आणि माझ्या पोटात दुखायचं.

दुखणार नाही तर काय? सख्खी लेक मी, आणि शिकवलंस सुनेला. मी ओट्यापाशी आले की "तू खा की, तुला काय करायचंय" म्हणून घालवायचीस. हातावर ठेवायचीस तीही बिघडलेली, पसरट. टम्म फुगलेल्या सगळ्या डब्यात. लेकीशी असं कुणी वागतं का गं?

परवा माझा पहिला घाणा पसरला. दुसऱ्याची तर ट्रेभर एकच पोळी झाली. शेवटी वहिनीलाच फोन केला. किती जड गेलं ते माझं मला माहीत.

ती रिक्षाने आली आणि आल्या आल्या पिठात बोट घातलं. माहेरचं, वैरागकडचं बोलणं तिचं अजून गेलं नाही. "वन्सं, तूप वितळवलं की तुमी. थिजलेलंच फेसायचं. गोळे फ्रिजमधी घट्ट होऊ द्यायचे. आन् ह्यो ट्रे गरम हाय, ह्याच्यावर गोळे ठेवल्यावर पसरणारच की."

मग तिने ट्रे ओल्या फडक्यावर गार करत ठेवला, अगदी तुझ्यासारखा, फडक्याची घडीसुद्धा तीच. मी आणखीच जळले.

तिसरा घाणा टम्म आला, वर बारीक भेगा. वहिनीने त्यातली एकही उचलली नाही. माझ्या फसलेल्या पोळीची कड मोडून खाल्ली.

"आई शेवटचा घाणा मुद्दाम गरम ट्रेवर लावायच्या," ती म्हणाली. "'माझ्या पोरीला कुरकुरीत कडा लागतात' म्हणायच्या. मला त्यातला तुकडा कधी दिला न्हाय. लई राग यायचा मला तुमचा."

आई, मी इतकी वर्षं तुला मनातल्या मनात बोल लावत होते, आणि तू एका शब्दाने सांगितलं नाहीस. त्या बिघडलेल्या नव्हत्या होय गं? ओव्हनकडे तोंड करून मी रडले. वहिनीने पाहिलं नसावं.

दादाचा डबा भरलाय. आता दर दिवाळीला शेवटचा घाणा मी गरम ट्रेवर लावीन, पसरेल तेवढा पसरू देईन. त्यातली एक वहिनीला देईन, तुला शब्द देते. पण एकच. बाकीच्या माझ्या.

तुझी, अजूनही जळणारी,
मंगल