आखाजीचं पाणी

बाबा, तुमची विहीर हिरवी पडली. पूर्वी कडेला शेवाळ असायचं तसं नाही, पार मधोमध, जाड. बादली सोडली की ते बाजूला सरकतं आणि पुन्हा मिटतं. ठिबकच्या नळ्या तुंबतात, मोटरीची जाळी रोज धुवावी लागते, म्हैस नुसता वास घेते आणि मान फिरवते. तुमच्या मागं ही शेंदूरजनाघाटची संत्र्याची बाग मीच पाहते, त्यामुळे बोल लावायलाही दुसरं कोणी नाही.

तुम्ही ताण तोडायचात ते दिवस मला अजून दिसतात. बहर यावा म्हणून झाडांचं पाणी तोडलेलं, पानं मलूल, आणि काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. पहिलं पाणी सोडायच्या आधी तुम्ही टोपलं घेऊन एकेका झाडाखाली बसता आणि डीएपी खताचे दाणे मुठीनं भेगांत सोडता. मी आपली वरवर फेकते, तर खेकसता, "वरून कावून फेकून राहिली व? भेगीत टाक. उपाशी जमिनीनं तोंड उघडलं हाये, तिले घास दे." मग पाणी सोडलं की भेगा गटगट प्यायच्या आणि तुम्ही उकिडवे बसून ऐकत राहायचात. तेवढंच तुमचं सुख होतं.

परवा माती तपासणाऱ्या मॅडम आल्या होत्या. म्हणाल्या, "डीएपीतलं स्फुरद, फॉस्फरस, मातीत गच्च भरलंय. माती धरते तेवढं धरते, उरलेलं खाली उतरतं. आणि भेगेत टाकलेलं तर पाण्याबरोबर थेट झऱ्याला." पानं पिवळी का पडतात तेही त्यांनीच सांगितलं. स्फुरद जास्त झालं की झाडाला जस्त घेता येत नाही. आणि पान पिवळं दिसलं की तुम्ही आणखी एक मूठ द्यायचात. करायला गेलो काय आणि झालं काय. मला तुमचा भयंकर राग आला, आणि भांडायला तुम्ही नाही म्हणून रडू आलं. मी विचारलं, "खत बंद केलं तर?" त्या म्हणाल्या, "बंद कराच. पण आत साठलंय ते सुटतच राहील. तुमच्या हयातीत विहीर निवळेल असं मी म्हणणार नाही." हे पाणी पिऊ नका, असं बजावून त्या गेल्या.

अक्षय्य तृतीया आली. आखाजीला आईनं पितरांसाठी नवी घागर काढली. तुम्हाला दुसऱ्या विहिरीचं पाणी कधी चाललं नाही. अमरावतीला दवाखान्यात शेवटी हेच मागितलंत, मी एसटीनं बाटली घेऊन आले होते. गुडघ्यांमुळे आई आता विहिरीपर्यंत जात नाही, तिनं काहीच पाहिलेलं नाही. तिनं विचारलं, "आपल्याच हिरीचं भरलं न व माय?" मी हो म्हटलं. घागरीवर खरबूज, आपलं डांगर, ठेवून ती तुम्हाला म्हणाली, "घ्या, पोटभर प्या." मग स्वतःही घोटभर प्यायली आणि म्हणाली, "तुह्या बाबाची हीर, पाह्य बरं, यंदा पाणी कसं गोड लागून राहिलं."

ही चिठ्ठी विहिरीत सोडावी म्हटलं, पण तिच्यात आपण आधीच पुष्कळ सोडलंय. राहू दे माझ्यापाशीच. ते पाणी गावातून आणलेल्या जारचं होतं, बाबा. इकतचं.