हस्तिदंत की हाड

बेंगळूर, मार्च १९६१

पद्माक्का,

हे पत्र एका हाताने लिहितो आहे. दुसऱ्या हाताने वाद्याचे झाकण धरले आहे. बिजागरी निघाली आहे आणि सोडले तर अण्णांच्या जपात मोठा आवाज होईल. तेव्हा नमस्कारही एकहाती. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला?

वाद्य शिवाजीनगरात मिळाले. दुकानदाराने हार्मोनियम म्हणून दिले (भाता कुठे आहे, हे विचारायचे मला घरी आल्यावर सुचले). आत तारा निघाल्या. तुझी भावजय कावेरी म्हणाली, "अय्यो, वीणेला दात आले." मग छावणीतल्या चर्चच्या पियानोमास्तरांना बोलावले. त्यांनी नाव सांगितले: क्लॅव्हिकॉर्ड. नमुना फार जुना, बांधणी अलीकडची. आवाज इतका बारीक की वाजवणाऱ्यालाच ऐकू येतो (हा त्याचा सर्वांत मोठा गुण, असे कावेरीचे मत). मोल सारे पट्ट्यांवर आहे, असे ते म्हणाले. हस्तिदंती असतील तर चांगली किंमत, हाडाच्या असतील तर लाकडाचा भाव.

तेवढेच नेमके अण्णांनी ऐकले. ते सोवळ्यात बाहेर आले आणि चार हात लांब उभे राहिले.

"हयवदना, देवाच्या घरात जनावराचे हाड?"

"हस्तिदंत आहे, अण्णा."

"हत्तीने सांगितले?"

उद्या सकाळी वाद्य परत न्यावे, असा त्यांनी दुकानदाराला निरोप धाडला आहे. मी देणार नाही. या घरात त्यांना न विचारता आणलेली ही माझी पहिली वस्तू आहे. पट्ट्या हस्तिदंती आहेत. मी तसे सांगितले आहे आणि तसेच सांगत राहीन.

तुझा,
हयवदन

ता. क. अण्णा लेकीचे ऐकतात. धारवाडात तुझ्या ओळखीच्या एखाद्या आचार्यांच्या घरी असेच हस्तिदंती वाद्य आहे, असे त्यांना कळव. आचार्य जितके कर्मठ तितके बरे.

ता. क. दुसरा. भिंगातून पट्ट्यांवर बारीक काळे ठिपके दिसतात. ठिपके म्हणजे हाड, असे मास्तर म्हणतात. भिंग मी त्यांना परत केले आहे.

सकाळी. पत्र टाकायचे राहिले होते. अण्णा उठले ते आंघोळीआधी वाद्यापाशी गेले. कान लावून एक पट्टी दाबली, मग शेजारची. दुकानदार आला, त्याला ‘नाळे बा’, उद्या ये, म्हणून दारातूनच परत पाठवले. नंतर आंघोळ केली. पूजेला उशीर झाला.