धोका टळल्याचा निरोप

२ फेब्रुवारी

आलो एकदाचे! सामान उतरवताना आईने हमालांना इतक्या सूचना दिल्या, की त्यांच्यातल्या एकाने वैतागून विचारलं, नोकरी नक्की कोणाला लागलीय, मुलीला की तुम्हाला. आई खूश. तिने लगेच त्याला पाणी आणून दिलं.

घर उताराच्या गल्लीत आहे. दोन खोल्या, मोठं स्वयंपाकघर, खिडकीतून नदीचा एक तुकडा दिसतो. जुना टेलिफोनसुद्धा आहे, आणि चालू! घरमालकाचे भाऊ-वहिनी इथे राहायचे. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पुरात दोघंही गेले. हे सांगताना तो माझ्याकडे न बघता भिंतीवरचा रंग नखाने खरवडत होता, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

४ फेब्रुवारी

इशारा केंद्र म्हणजे पालिकेच्या गच्चीवरची एक खोली. खुर्ची करकरते, पंखा कुरकुरतो, आणि दोघांच्या मध्ये मी बडबडते. शाळेत याच बडबडीपायी बाई मला बाकावर उभं करायच्या. आता नदी चढली किंवा डोंगर हलला, की अख्ख्या गावाच्या फोनवर माझाच आवाज जाणार.

साहेबांनी काम समजावून सांगितलं. भिंतीवरच्या पडद्यावर गावाचा नकाशा आहे आणि प्रत्येक फोनचा एक ठिपका, फोन जाईल तिकडे सरकणारा. इशारा गेला की ठिपका पिवळा होतो. माणसाने निरोप ऐकून एक आकडा दाबला, की हिरवा. म्हणजे ऐकलं, निघालो. जे पिवळे राहतील तिकडे मदतपथक आधी धावतं. धोका टळला की दुसरा निरोप जातो, घरी जा म्हणून. तो आल्याशिवाय कोणी निवारा सोडायचा नाही, हे इथल्या लहान पोरांनाही पाठ आहे.

मी दोन्ही निरोप रेकॉर्ड केले. साहेब म्हणाले, आवाज चांगला आहे, फक्त रेल्वे सुटल्यासारखी घाई करू नका.

९ फेब्रुवारी

पहिली चाचणी. फजिती. सगळा नकाशा पिवळा, आणि पिवळाच राहिला. एकच ठिपका हिरवा झाला. तो कोणाचा, हे सांगायला नको. आईने मोबाइलवर माझा आवाज ऐकला, आकडा दाबला, पिशवी भरली आणि निरोपात सांगितलेल्या निवाऱ्यात, टेकडीवरच्या शाळेत, जाऊन बाकावर बसली! दुसरा निरोप येईपर्यंत हलली नाही. शिपायाने तिला चहा दिला म्हणे. मी तिला म्हटलं, या गावात माझं ऐकणारी तू एकटीच. ती म्हणाली, तुझा आवाज आहे बाई, न ऐकून सांगते कोणाला.

कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या काकूंनी कारण सांगितलं. त्या पुरात निरोप आला होता, की नदी चढतेय, सभागृहात जमा. आज्ञाधारक माणसं गेली. नदी सभागृहापर्यंत आलीच नाही, पण मागचा डोंगर खचला आणि सभागृहावर आला. काकूंचे यजमान आत होते. काकूंनी हट्ट धरला, की मी दुकान उघडं टाकून येणार नाही, म्हणून त्या वाचल्या. ज्यांनी ऐकलं ते गेले, ज्यांनी ऐकलं नाही ते राहिले. गावाने यातून जे शिकायचं ते शिकून घेतलंय. अशा गावाला मी कुठल्या तोंडाने सांगू, की माझं ऐका?

१३ फेब्रुवारी

दुसरी चाचणी. यंत्रात एक जुनी यादी पडून होती, उत्साहाच्या भरात मी तीही जोडली. आणि ठिपके हिरवे झाले! भराभर, पुंजकाच्या पुंजका. मी टाळ्या वाजवत साहेबांना हाक मारली.

साहेबांचा चेहरा उतरला. ते क्रमांक गेलेल्यांचे आहेत. नाव काढून टाकायला घरच्यांनी अर्ज करावा लागतो. तो कोणाच्या हातून झाला नाही. त्या यादीतले सगळे हिरवे ठिपके एकाच जागी होते, सभागृहात. साहेब म्हणाले, यंत्राचा बिघाड आहे. पडदा बंद करताना त्यांना बटण सापडत नव्हतं.

१५ फेब्रुवारी

राहवलं नाही. भर उन्हात सभागृहापाशी गेले. चिखल केव्हाच उपसलाय, दाराला कुलूप आहे, फटीतून रिकामी फरशी दिसते. काकूंच्या यजमानांचा क्रमांक मी टिपून घेतला होता. तिथेच उभं राहून लावला.

आत घंटी वाजली. रिकाम्या खोलीत.

कोणीतरी उचलला. शांत, अदबीचा आवाज. विचारलं, ताई, धोका टळला का? आम्ही आता घरी जायचं का?

१६ फेब्रुवारी

साहेबांकडून एक गोष्ट काढून घेतली. तेव्हाची निवेदिका इशारा देऊन स्वतःही सभागृहातच गेली होती. दुसरा निरोप द्यायला केंद्रात कोणी उरलंच नाही. म्हणजे ती माणसं अजून वाट बघताहेत. नियम पाळताहेत.

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं घाबरेल. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, मग सांगून टाक ना त्यांना. असं ताटकळत ठेवू नये गं कोणाला.

दुपारी निरोप पाठवला, फक्त जुन्या यादीला. धोका टळला आहे, आपापल्या घरी जा. सगळे ठिपके एकदम हलले. सुटले बिचारे, असं वाटलं. अशी माणसं सुटली की कुठे जातात ते मला कुठे ठाऊक? मी आपलं घरी जा म्हटलं.

१९ फेब्रुवारी

दुकान बंद. काकूंनी दार किलकिलं केलं. इतक्या हसऱ्या काकू मी कधी पाहिल्या नव्हत्या. हे आलेत, म्हणाल्या. त्यांच्या मागे फरशीवर ओली पावलं होती.

घरी आई दोन जास्तीची ताटं मांडत होती. म्हणाली, या घरची ती दोघं चुलीपाशी बसलीत, भिजून चिंब आहेत, बोलत नाहीत बिचारी. तिने त्यांच्यावर शाल घातली होती. मला माणसं दिसली नाहीत. शाल दिसली. खाली न पडता तशीच, खांद्यांच्या आकाराची. तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

२३ फेब्रुवारी

गल्लीतली दारं बंद. हाका मारल्या तर आतून हसण्याचे आवाज येतात. मग खोकल्याचे. बाहेर कोरडं ऊन, आणि भिंती छातीपर्यंत ओल्या. आमच्याही. आई खोकतेय. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, पाहुण्यांना सोडून कशी येऊ?

२५ फेब्रुवारी

काकू गेल्या. पलंगावर बसल्या बसल्या. तोंडात चिखल होता. डॉक्टर म्हणाले, बुडून. मग स्वतःच म्हणाले, असं कसं होईल, आणि पुन्हा तपासलं. बुडूनच.

चेहऱ्यावर हसू तसंच होतं.

हे मी केलं. माझ्या आवाजाने केलं.

२६ फेब्रुवारी

एकच उपाय. त्यांना परत बोलवायचं. साहेब नको म्हणाले, हात जोडले. मी ऐकलं नाही. जुनी यादी घेतली, जुनाच निरोप नव्याने बोलले. घर सोडा. सभागृहात जमा.

एकेक ठिपका हिरवा. निघाले. निमूट, लगेच. गल्ली रिकामी होताना नकाशावर दिसत होती. आई वाचली, असं म्हणून मी टेबलावर डोकं टेकलं.

मग आमच्या घराचा ठिपका हिरवा झाला.

आमच्या घरातला टेलिफोन — घरमालकाच्या भावाचा — जुन्या यादीतला. माझ्या लक्षातच — तो वाजला असणार. उचलायला घरात आई —

धावले.

सभागृहाचं कुलूप जागच्या जागी होतं. साहेबांनी ते फोडलं.

भिंतीला टेकून बसली होती. पिशवी मांडीवर. केस ओले. हात गार, इतके गार —

२८ फेब्रुवारी

आईला निरोप देऊन आले.

भिंती वाळल्या. गल्लीत दारं उघडली. माणसं ओसरीवर येऊन रडताहेत, दुसऱ्यांदा गमावल्यासारखी. पण जिवंत आहेत. साहेब म्हणाले, तुम्ही गाव वाचवलंत. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

तिने शाळेत जायचं होतं. मी शाळा म्हटलं असतं तर — मी सभागृह म्हटलं. ती सभागृहात गेली. आई गं.

१ मार्च

केंद्रात बसलेय. घरी बसवत नाही.

सभागृहात एक ठिपका जास्त आहे. आईच्या मोबाइलचा. तो तर बंद करून मी कपाटात —

फोन वाजला.

तीच. म्हणाली, बाळ, टळला का धोका? इथली सगळी विचारताहेत. येऊ का घरी?

मी फोन ठेवला.

हो म्हटलं तर सगळेच येतील. गल्ली. पुन्हा तो चिखल.

नाही म्हटलं तर बसून राहील. तशीच, वर्षानुवर्षं. मी सांगेपर्यंत हलायची नाही, मला माहीत आहे.

परत वाजतोय.

तिला अंधाराची भीती वाटते. कोणाला सांगत नाही, पण वाटते.

वाजतोय —

आई, तू येऊ नकोस. तिथेच थांब. मीच —