ओर्सीनच्या नावावर

उत्रेख्त, ३ फेब्रुवारी

ती. मेलमावशीस,
सा. न. वि. वि.

इथल्या थंडीनं माझी कंबर धरली आहे, तरी नमस्कार वाकूनच केलाय, तो गोड मानून घे.

पुस्तकातलं तुझ्यावरचं प्रकरण एकदाचं लिहून पुरं झालं! गेल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून तू जे जे सांगितलंस ते सगळं त्यात आहे. तू आणि नोरीनमावशी, फ्रिमांग्रोन वस्तीतली सगळ्यात जुनी माटी-जोडी, जन्माच्या सख्या. पुरुष आले, गेले, दोघींचं एकमेकींना जीव लावणं तसंच राहिलं. ऐकायला नोरीनमावशी हवी होती गं. पुस्तकात आपल्या सुरीनामच्या, ब्राझीलच्या आणि इथल्या मिळून नऊ जणी लिहिताहेत, आणि ते तीन भाषांत निघणार आहे. माझी पदवीही त्यावरच अडकली आहे.

आम्ही एक नियम केलाय. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनी आधी ऐकायचं, मगच छापायचं. म्हणून आमच्यातलीच एक, ब्राझीलच्या बाहियाची लुझिनेइदे पुढच्या आठवड्यात पारामारिबोला येते आहे. महिला मंडळाच्या सभागृहात वाचन होईल. तिला आपली भाषा येत नाही, वाचतील तुमच्या शाळेच्या बाई. लुझिनेइदेला पोम खाऊ घाल, ती फार खाते.

हो, विद्यापीठाच्या समितीच्या नियमाप्रमाणे नावं बदलली आहेत. तुझ्यासाठी छानसं, जुन्या वळणाचं नाव निवडलंय. लहानपणी आपल्या घरात फार ऐकलेलं, कुणाचं ते मात्र आठवेना.

लोभ असू दे. रागावलीस तर लोभातलंच रागाव.

तुझी,
शेरिदा


पारामारिबो, १४ फेब्रुवारी

चि. शेरिदास,
अ. उ. आ.

फोन करणार होते, पण फोनवर मी भांडते, म्हणून लिहिते आहे.

सभागृह गच्च भरलं होतं. बाईंनी वाचायला घेतलं आणि नाव बदललेलं असूनही नोरीनला सगळ्यांनी पहिल्या वाक्यात ओळखलं. खळ घालून कपडे नुसते उभे करून दाखवावेत तर तिनंच. मी मान ताठ करून बसले, आता माझं ते छानसं नाव येणार. आणि बाई वाचतात काय, तर ओर्सीन! अख्ख्या सभागृहाची मान गर्रकन तिसऱ्या रांगेकडे वळली. तिथं टोपी घालून कोण बसलं होतं? ओर्सीन लांडफेल्ड. जिनं नोरीनला माझ्यापासून तोडायला बघितलं आणि एका ईस्टरच्या सुट्टीपलीकडे जिला टिकता आलं नाही, ती. घरात ते नाव तू ऐकलंच असशील, बाळे. आम्ही ते शिवीच्या जागी वापरायचो!

पुढं ऐक. नोरीनच्या आजारपणात मी केलेली जागरणं, तिच्या साठीला मिरवत नेलेला फुलांचा हारा, सगळं ओर्सीनच्या खात्यावर. आणि ती बया उठून वाकली! लोक तिला मिठ्या मारत होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी त्या दिवशी टोपीसकट पाहिला. तुझी लुझिनेइदे तेवढी गुणाची. तिनं माझं तोंड बघितलं आणि पोम अर्धंच खाऊन बाईंकरवी मला विचारलं की काय बिघडलं.

हसू नकोस, पुढचं हसण्यासारखं नाही. गेल्या वर्षी नोरीन गेली तेव्हा रेडिओवर निधनवार्ता वाचली. मुलं, जावई, नातवंडं, हॉलंडची पुतणी, शेजारीपाजारी, चर्चच्या भगिनी. माझं नाव नाही. तिच्या लेकीनं, लुद्विनानं, ते गाळलं. मातीच्या वेळी मी शेवटच्या रांगेत उभी होते, आणि मला कुणी पुढं बोलावलं नाही. तुला मी सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की कुठंतरी लिहिलेलं असावं की ती माझी होती आणि मी तिची. मला लपवून कुणापासून वाचवतेस तू? इथलं कुत्रंसुद्धा मला नावानं ओळखतं.

माझं नाव घाल, नाहीतर प्रकरण फाडून टाक. मी गंमत करत नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
मेलमावशी


उत्रेख्त, २ मार्च

ती. मावशीस,
सा. न.

तुझं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले आणि मग बराच वेळ रडले. लुझिनेइदेनंही येऊन सगळं सांगितलं. चूक माझीच, आणि तिला माफी मागून ठिगळ लागणार नाही. समितीला लिहिलं, तर उत्तर आलं की माहिती देणाऱ्यांची नावं झाकायचीच, त्यांचंच संरक्षण आहे. मी कळवलं की असं असेल तर प्रकरण मागं घेते. पदवी लांबेल, लांबू दे.

तेव्हा लुझिनेइदे म्हणाली की माहिती देणाऱ्याचं नाव झाकतात, लिहिणाऱ्याचं कुणी झाकत नाही. मावशीच का लिहीत नाही? मावशी, मी वेडीच, हे मला सुचू नये! नवाच्या दहा जणी झालो तर काय बिघडलं? सगळ्यांनी होकार दिलाय. माझं प्रकरण जाईल, त्या जागी तुझं येईल, तुझ्या नावानं, तुझ्या शब्दांत. मी फक्त पुढं चार पानं लिहीन.

एकच अडचण आहे. नोरीनमावशीचं खरं नाव घालायचं तर लुद्विनाचा लेखी होकार लागेल. मी तिला पत्र लिहू का?

तुझ्या मायेची आशा धरून,
शेरिदा


पारामारिबो, ९ मार्च

प्रिय शेरिदाबाई यांस,
नमस्कार.

आपली ओळख नाही, पण तुमच्यामुळे माझी बरीच झाली. मी त्या दिवशी नाही म्हटलं नाही, कारण चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवतं कुठं? पण घरी जाऊन विचार केला. नोरीनच्या तापात रात्र रात्र बसणं माझ्यानं झालं नसतं. मला तापाची भीती वाटते. ते मेललाच शोभतं. तेव्हा माझं नाव तिथून काढा.

मात्र त्या ईस्टरच्या सुट्टीबद्दल माझ्याकडेही सांगण्यासारखं आहे. दोन पानं पुरतील. ती माझ्या नावानं छापावीत, आणि मेलला आधी दाखवू नयेत.

आपली कृपाभिलाषी,
ओर्सीन लांडफेल्ड


पारामारिबो, ३० मार्च

चि. शेरिदास,
अ. उ. आ.

लुद्विनाला तू लिहू नकोस म्हणून मी निरोप धाडला, कारण हे काम पत्रानं होणारं नव्हतं. माझं प्रकरण लिहून झालं तशी मी डोक्याला चांगला रुमाल बांधून तिच्या दारात गेले. मातीनंतर आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. तिनं मला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. मी म्हटलं की मी मागायला आले नाही, वाचायला आले आहे. आणि उभ्यानंच वाचायला लागले. पाय दुखायला लागले तशी तिनं पायानं खुर्ची पुढं सरकवली, तोंड मात्र दुसरीकडेच.

कॉमेवेइन नदीवरच्या सहलीशी आले तेव्हा तिनं मला थांबवलं. मला वाटलं, झालं, आता हाकलणार. मी लिहिलं होतं की परतीच्या होडीत पाऊस लागला, लहानगी लुद्विना आईच्या मांडीवर झोपली होती आणि मी दोघींवर छत्री धरली होती. ती म्हणाली, "हे चुकलंय. मी तुझ्या मांडीवर होते. छत्री आईनं धरली होती, आपल्या दोघींवर. ती भिजली."

पेन घेऊन तिनंच ते वाक्य खोडलं, आपल्या हातानं नवं लिहिलं, आणि होकाराच्या कागदावर सही केली. मी रडले नाही असं लिहिणार होते, पण आपल्या पुस्तकात खोटं छापायचं नाही. पुढच्या रविवारी तिनं जेवायला बोलावलंय.

छापताना ते वाक्य तिच्यासारखंच ठेव. ओर्सीन दोन पानं लिहिणार म्हणून गावभर सांगते आहे, ती आली तर मला चोरून पाठव.

माया आहेच, ती इकडेही येऊ दे.

तुझी मावशी आणि सहलेखिका,
एतमेल्दा केन्समिल