काय मागतील ते द्या

आई, तू आता नाहीस, तरी दवाखान्यातल्या जिन्याजवळच्या बाकावर बसून तुला लिहितेय. तुझ्या 'अवों'ना इथं आणून आठवडा होत आला. आम्ही मुलं त्यांना दादा म्हणायचो, आता अख्खा वॉर्ड म्हणतो. त्यांच्या तब्येतीचं विचारलं की सकाळचे डॉक्टर म्हणतात, संध्याकाळच्या सरांना विचारा. संध्याकाळचे म्हणतात, रिपोर्ट आल्यावर बोलू. आणि नर्सबाई म्हणतात, ठीक आहेत, काळजी करू नका. 'ठीक' ऐकून माझे कान किटलेत. चांगलं भांडावंसं वाटलं, माझा स्वभाव तुला माहीतच आहे. पण मंचरचा तो दिवस आठवला आणि गप्प बसले.

आजोबांना तेव्हा मंचरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आपल्या महाळुंग्यात कुणी आजारी पडलं की अर्धं गाव भेटायला जातं, पण डॉक्टरांशी बोलायला पुरुषच आत शिरतात. बायकांनी डबा घेऊन बाहेर थांबायचं. थोरले काका भावकीतल्या तिघाचौघांना घेऊन केबिनमध्ये गेले आणि हसत बाहेर आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता पथ्य नको, काय मागतील ते द्या. आजोबांनी मासवडी मागितली. म्हातारा उठला म्हणून समजा, असं म्हणत काकांनी लगेच घरी निरोप धाडला. सगळ्यांचे चेहरे खुलले, तू तेवढी हसली नाहीस. तुझ्या वडिलांच्या वेळी डॉक्टर हेच बोलले होते, हे मला नंतर कळलं. डब्याची पिशवी काकूकडे देऊन तू पदर सारखा केलास आणि केबिनचं दार लोटलंस. मी मागोमाग आले. मघाशीच तुमच्या माणसांना सगळं सांगितलंय, असं डॉक्टर म्हणाले.

"तुमी त्यांना काय खायचं ते सांगितलं," तू म्हणालीस. "मी इचारते, किती दिस खातील?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, तुला खुर्ची दिली. आजार पसरला होता, ऑपरेशनचा उपयोग नव्हता, दिवस थोडे होते. तू डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. दुखेल का, दुखलं तर काय द्यायचं, घरी नेलं तर चालेल का, धाप लागली तर कुणाला बोलवायचं, असं एकेक विचारत गेलीस. समजलं नाही तिथं सोपं करून सांगा म्हणालीस, आणि त्यांनी सांगितलं.

बाहेर आल्यावर काका भडकले. बाईमाणसानं आत जायचं कारणच काय, आणि म्हाताऱ्याला कळलं तर ऐकूनच जीव सोडेल, असं ते म्हणाले. दादा मान खाली घालून उभे. भाऊ एकीकडे, बायको एकीकडे. करतात काय बिचारे. तुझा आवाज काही चढला नाही.

"भाऊजी, कुठल्या वावरात काय पेरायचं ते तुमी आजून मामांना इचारता. मग ह्ये त्यांच्यापासून कसं लपवायचं?"

सासऱ्यांसमोर तू कधी बसली नव्हतीस, त्या दिवशी स्टूल ओढून त्यांच्या खाटेशी बसलीस. म्हणालीस, "मामा, ह्ये दुखणं बरं व्हायचं न्हाई, आसं डॉक्टर म्हणत्यात." आजोबांनी पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाले, "वाटलंच व्हतं. चल पोरी, घरी चल." घरी आल्यावर त्यांनी मढला दिलेल्या बहिणीला बोलावून घेतलं. दोघं ओसरीवर बसून लहानपणीच्या चोऱ्या आठवायची आणि खोकला येईपर्यंत हसायची. मासवडी खाल्ली, आणि रस्सा फिका झालाय म्हणून तुलाच बोलले. जाताना सगळी माणसं जवळ होती. आई, मला तुझा लई अभिमान वाटला होता. मी तो तुला बोलून दाखवला नाही, आपल्याकडे कोण दाखवतं. दादा मात्र दाखवायचे, अर्थात तू समोर नसताना. "माझ्या येळेला मलाबी आसंच सांगा," असं वर म्हणायचे.

म्हणून आज तुझ्यासारखंच करून पाहिलं. मोठ्या डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले, त्यांनी सांगायच्या आधीच खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ठीक सोडून काय ते सांगा. बाई चांगल्या निघाल्या. दार लावून त्यांनी सगळं सांगितलं, ऐकायचं नव्हतं तेच. मी तुझे सगळे प्रश्न विचारले. दादांना कळंबला माझ्या घरी नेता येईल म्हणाल्या. आपला धाकटा फोनवर म्हणत होता, त्यांना काही सांगू नकोस. त्याला तुझं वावराचं वाक्य ऐकवलं, तसा म्हणाला, मग तूच सांग. इथवर मी तुझी लेक शोभले.

मग आत गेले. दादा उशीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "काय म्हणली बाई?" मी म्हणाले, थांबा, पाणी आणते. पाण्याला म्हणून निघाले ती इथं बाकावर बसलेय. खरं सांगू का, आई, हे पत्र तुला लिहायचं म्हणून लिहीत नाहीये. तेवढाच आत जायला उशीर. बाटली कधीच भरून झालीय.