एसीच्या फिल्टरमधलं बाळंतपण

शिहोर
भादरवा सुद चोथ, संवत्सरी

भावनगर बंदरी सुखाने नांदणारे, थोरल्या भावासारखे पूज्य अनोपभाई आणि तपस्वी प्रभाभाभी, यांना शिहोरहून रमणीकचे दोन्ही हात जोडून जय जिनेंद्र.

आम्ही सगळे मजेत आहोत, तुम्हीही असाल. भाभींच्या अठ्ठाईचा आज आठवा उपवास. नुसत्या उकळलेल्या पाण्यावर इतके दिवस काढायचे म्हणजे आमच्यासारख्यांचं काम नाही (मी दुपारचा चहा चुकला तरी घरात कुणाशी बोलत नाही). त्यांची शाता, म्हणजे तब्येत, विचारली आहे असं सांगा. नैरोबीचा सर्दी-खोकला तुम्ही इथे आणला होता, तोही गेला असेल.

सरत्या वर्षात मनाने, वाणीने, कायेने, कळत-नकळत माझ्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम. (इथे जरा थांबा. दरवर्षीप्रमाणे तुम्हीही मोठ्याने 'मिच्छामि दुक्कडम' म्हणा, घरातल्या कुणाला तरी ऐकू जाईल असं. म्हटलंत? एकदा दिलेली क्षमा परत घेता येत नाही असं आमच्याकडच्या महाराजसाहेबांनी व्याख्यानात सांगितलं. निदान मला तसं ऐकू आलं.) आता गाडीविषयी.

गाडी सुखरूप आहे. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला तसं वाटणार नाही. उद्या पाचमीला भाभींचं पारणं आणि मग तपस्व्यांचा वरघोडा, त्या मिरवणुकीत भाभी तुमच्या स्वतःच्या पांढऱ्या गाडीत फुलांमध्ये बसणार, फूलवाल्याला तुम्ही नैरोबीहूनच सांगून ठेवलंय, हे सगळं मला ठाऊक आहे. चार वर्षं सीटवरचं प्लास्टिक न काढलेल्या माणसाने नैरोबीला जाताना आपली गाडी दोन महिने माझ्या हाती दिली, याची जाणीव मला रोज होत असे. उन्हात त्या प्लास्टिकवर बसलं की फारच होत असे. तुम्ही परत आलात तेव्हाच गाडी पोचती करायची होती, पण मी 'धुऊन-पुसून आणतो' म्हणालो, कारण एसी लावला की वास येई. तुमच्या बहिणीचं म्हणणं, कुणीतरी ओला मोजा घालून पुढ्यात पाय हलवतंय असा वास. निरू एकदा वासावर बोलायला लागली की थांबत नाही, हे तुम्हाला तिच्या लहानपणापासून माहीत आहे. अशा वासात आठ दिवसांची उपाशी बाई बसवायची नाही, एवढं माझं मलाच वाटलं. तुमची मला भीती वाटते हे खरं, पण हे भाभींसाठी वाटलं.

मोबाइलवर एक सरदारजी आहेत, गुलाबी हातमोजे घालून गाड्या उघडतात. त्यांच्या मते एसीचा फिल्टर घरच्या घरी बदलणं पाच मिनिटांचं काम आहे, फक्त गाडीचं पुस्तक जवळ ठेवा. पुस्तक पुढच्या खणात सापडलं, पण फिल्टरची पानं नव्हती. निम्मं पुस्तकच नव्हतं. मला वाटलं, तुम्ही वाचून झालेली पानं फाडून ठेवत असाल (नीटनेटक्या माणसांचा काही नेम नसतो). फिल्टर आधी मी बॉनेटखाली शोधला. तिथे बरंच काही आहे, त्याला मी हात लावलेला नाही. मग सरदारजींचं पुन्हा पाहिलं, तेव्हा कळलं की तो त्या खणाच्याच मागे असतो. खण रिकामा केला: तुमची मुखवासाची डबी, भाभींची जपमाळ, नवकार मंत्राचं कार्ड आणि निरूने पुडीत ठेवलेले गाठिये. गाडीत काही खायचं नाही हे तुम्ही सांगून गेला होतात, पण ठेवायचं नाही असं सांगितलं नव्हतं. पुडीला भोक होतं.

खणाच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो निखळून खाली लोंबतो. तसा तो लोंबला. मागचं झाकण काढलं, फिल्टर हळूच बाहेर ओढला, आणि त्यावर तुमची फिल्टरची पानं मिळाली. बारीक-बारीक कातरून, कापूस घालून, मधे खळगा करून छान गादी केली होती आणि गादीवर बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली उंदराची पिल्लं वळवळत होती. त्यांची आई मागच्या पोकळीतून माझ्याकडे बघत होती. मी फिल्टर होता तसा आत सरकवला. इथवर सरदारजींच्या हिशेबाने मी वेळेत होतो.

चूक एकच झाली, मी निरूला हाक मारली. निरूने माझ्या आईला, बाला हाक मारली. बा चरवळो घेऊन आली, वाकून पाहिलं आणि त्या लोकरी कुंच्याने माझाच हात हळूच बाजूला सारला. "पर्युषणात बाळंतीण उठवतोस?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, उठवत नाही, पण गाडी भावनगरला न्यायची आहे, पिल्लांसकट नेतो, एसी लावणार नाही. बा म्हणाली, "आणि पिल्लांची मा दाणे शोधायला बाहेर गेली असेल तर? ती परत येऊन बघेल तर घरच नाही." मग मी दोन महिने एसी लावून हिंडत होतो, आतून फरफर आवाज यायचा, हे मी भोळेपणाने सांगून बसलो. त्यापायी मला एक आयंबिल घडलं. मीठ नाही, तेल नाही, तूप नाही, उकडलेले मूग एकदा खायचे. पिल्लं तेव्हा जन्मलीच नव्हती हा माझा मुद्दा बाने विचारात घेतला नाही.

शेजारचे धनसुखभाई कुंपणावरून सगळं ऐकत होते. म्हणाले, "बा, एवढं काय त्यात? बुटाच्या खोक्यात कापूस घालायचा आणि अलगद हलवायचं." बाने विचारलं, "तुझ्या सुनेला बाळंतपणात हलवलं होतंस का रे?" ते म्हणाले, "हलवलं होतं की, दवाखान्यात." बा म्हणाली, "तिला विचारून हलवलं होतंस." धनसुखभाई आत गेले. तेव्हापासून गाडीचं दार फटीएवढं उघडं असतं, बा ओट्यावर सामायिकाच्या ध्यानाला बसते आणि बाळंतिणीची जा-ये बघते. पर्युषणात तुम्ही फोनला शिवत नाही, म्हणून हे पत्र, सकाळच्या बसने कुणाच्या तरी हाती पाठवतो.

तेव्हा उद्या गाडी येणार नाही. संघाची उघडी जीप मिळाल्यास बघा, फुलं तिलाही लागतात. भाभींचा एवढा तप आणि त्या दिवशी त्यांच्या दारात त्यांची गाडी नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्हाला राग येईल, पण मी तुमच्या घरचा जमाई असल्यामुळे तो तुम्हाला बोलून दाखवता येणार नाही, याचंही वाईट वाटतं.

आपला आज्ञांकित,
रमणीक

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते बरं झालं. आज सकाळी उजाडल्यावर बाळंतीण पोटभर खाऊन आत शिरलेली बाने पाहिली. बाने गाडीचं दार लावलं, पुढच्या सीटवर बसली, खणावर हात ठेवला आणि म्हणाली, "चल." मी अंघोळही केलेली नाही.

ता. क. दुसरा. आम्ही तुमच्या फाटकाबाहेर उभे आहोत. सबंध रस्ता बाने मला सायकलींच्या मागून आणलं. पत्राचं खरं काम आता सांगतो. तुमच्याकडची मांजर कुंपणावर बसून गाडीकडे टक लावून बघते आहे, तिला कुणीतरी आत कोंडा. वरघोड्यात एसी लावायचा नाही, बॉनेटवर फुलं ठोकून बसवायची नाहीत, आणि वरघोडा संपला की गाडी बासकट पुन्हा शिहोरला न्यायची, पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत. निरू हे पत्र घेऊन आत येते आहे. तुमच्या तोंडचं मिच्छामि दुक्कडम मला इथवर ऐकू आलं की मी काच खाली करीन.

ता. क. तिसरा. निरूला परत बोलावून पत्र मागून घेतलं. तुम्ही अजून देरासरातून दर्शन करून आला नाहीत, पण आमचा आवाज ऐकून भाभी स्वतः बाहेर आल्या, भिंतीला धरत. पारणं व्हायचं आहे. बाने खण खाली करून दाखवला. भाभींनी वाकून बाळंतिणीकडे बघितलं आणि पहिलं विचारलं ते, "हिने काही खाल्लंय का?" आठ दिवसांत भाभींना हे विचारणारं आपल्यात कुणी नव्हतं, मीही नव्हतो. मग म्हणाल्या, "वरघोड्यात आम्ही सगळ्या एकत्रच बसू," आणि चावी मागून घेतली. तेव्हा माझं गाऱ्हाणं संपलं. काच मी खाली केली आहे. या, काय बोलायचं ते बोला.